एका घरात दोन फोन, दोन नाशिक

गोदाकाठचा (धागाकर्ता)

मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. गेल्या आठवड्यात घरात जे झालं त्यानंतर राहवलं नाही.

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले त्याला आठ वर्षं झाली. आम्ही पंचवटीत राहतो. रात्री जेवताना तपोवनाचा विषय निघाला. २०२७ चा सिंहस्थ, त्यासाठीचं साधुग्राम, म्हणजे साधूंच्या मुक्कामाची जागा, आणि त्यासाठी तिथली झाडं तोडायची की नाही हा वाद. बाबा म्हणाले, "तिथं झाडं कुठली, नुसती काटेरी झुडपं आहेत. कुंभाला आडवं जाणारे लोक हे सगळं पेटवतायत." मी म्हणालो, "अख्खं जंगल साफ करायला निघालेत आणि तुम्हाला झुडपं दिसतायत?" आवाज चढले. आई ताट घेऊन आत निघून गेली.

नंतर गच्चीवर एकटा बसलो होतो. मनात आलं, बाबांना हे कुणी सांगितलं? आणि मग, मला तरी कुणी सांगितलं? तपोवन आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. वाद सुरू झाल्यापासून आम्हा दोघांपैकी एकही जण तिकडे फिरकलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाबांना विचारून त्यांचा आणि माझा फोन शेजारी शेजारी ठेवला आणि यूट्यूबचं पहिलं पान उघडलं. वरून खाली वीस-वीस व्हिडिओ मोजले. एकही सारखा नाही. बाबांकडे कीर्तन, गुडघेदुखी आणि एकाच बाजूच्या राजकारणाचे अकरा व्हिडिओ. माझ्याकडे क्रिकेट, शेअर बाजार आणि दुसऱ्या बाजूचे नऊ. मथळ्यांची भाषा मात्र दोन्हीकडे तीच: "बोलती बंद", "पोलखोल", "तोंडावर आपटले". नावं तेवढी उलटसुलट.

लहानपणी पांडवलेण्यांत गेलो की आम्ही पोरं आत शिरून आपापलं नाव ओरडायचो. आवाज घुमून परत आला की वाटायचं, आत अजून कुणीतरी आहे. या फोनचं तसंच झालंय. आपलंच म्हणणं फिरून आपल्याकडे येतं आणि आपल्याला वाटतं अख्खा महाराष्ट्र असं बोलतोय. इंग्रजीत याला एको चेंबर म्हणतात, पण मला लेणंच जवळचं वाटतं.

हे यंत्र करतं की आपण करतो? तुमच्या घरी असं झालं असेल तर काय केलंत? एकच विनंती, पक्षांची नावं घेऊ नका. धागा त्यातच वाहून जाईल.

अंबड_तिसरी_पाळी

अगदी हेच आमच्या कँटीनमध्ये. आधी एका टेबलावर आठ जण जेवायचो. आता जेवताना प्रत्येक जण कानात घालून आपलं आपलं बघतो. ब्रेक संपला की मशीनवर येऊन एकमेकांशी भांडतो, आणि तेही अशा गोष्टीवर जी समोरच्याने ऐकलेलीच नसते. परवा एक जण म्हणाला, "हे सगळीकडे चाललंय आणि तुला माहीत नाही?" खरंच माहीत नव्हतं.

आज्ञावली

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे जरा लांब लिहिते. समजून घेण्यासारखं आहे.

आधी यूट्यूबवर व्हिडिओवर किती जणांनी बोट ठेवलं याला वजन होतं. मग लोक चित्र भलतंच लावायचे आणि आत काहीच नसायचं. २०१२ मध्ये त्यांनी मोजमाप बदललं. किती जणांनी उघडला यापेक्षा किती वेळ पाहिला याला महत्त्व आलं. २०१६ मध्ये गूगलच्याच तीन अभियंत्यांनी शोधनिबंध लिहून ही रचना जगासमोर मांडली. दोन चाळण्या आहेत असं समजा. पहिली चाळणी लाखो व्हिडिओंमधून काहीशे बाजूला काढते. त्यासाठी तुम्ही आधी काय पाहिलं आणि तुमच्यासारखं पाहणाऱ्या बाकीच्यांनी काय पाहिलं, हे बघते. दुसरी चाळणी त्या काहीशेंना क्रम लावते. हा माणूस हा व्हिडिओ किती वेळ पाहत बसेल, याचा तो अंदाज असतो. पुढे त्यात प्रेक्षकांना "समाधान झालं का" असं विचारून मिळालेली उत्तरंही घेऊ लागले, पण पाहण्याचा वेळ हा पाया राहिलाच.

त्या निबंधातल्या रचनेत सत्ताधारी-विरोधक असा रकाना कुठेच नाही. यंत्राला तपोवन माहीत नाही, कुंभ माहीत नाही. बाबांनी एक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. तो शेवटपर्यंत पाहणारे लोक आणखी काय पाहतात, ते यंत्राने त्यांच्यापुढे ठेवलं. एवढंच. राजकारण त्यात मागच्या दाराने येतं, कारण चिडलेला माणूस मध्येच उठून जात नाही.

किती मोठी गोष्ट आहे बघा: जानेवारी २०१८ मध्ये नील मोहन यांनी (तेव्हा ते उत्पादन विभाग पाहत, २०२३ पासून यूट्यूबचे प्रमुख आहेत) सांगितलं होतं की तिथे जो वेळ घालवला जातो त्यातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ शिफारशीतून आलेल्या व्हिडिओंवर जातो. म्हणजे बहुतेक वेळा आपण शोधत नसतो. समोर वाढलेलं खात असतो.

जुना_वाचक

धागाकर्त्याचा त्रास समजतो, पण यात नवीन काय आहे ते सांगा. १८८१ मध्ये केसरी निघाला, आगरकर पहिले संपादक. टिळकांशी पटेना म्हणून ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये सुधारक काढला. घरोघरी तेव्हाही एका पत्राचे लोक नि दुसऱ्या पत्राचे लोक होतेच. माझे आजोबा एकच वर्तमानपत्र आयुष्यभर वाचत, दुसऱ्याला हात लावत नसत. माणसाला आपल्या मनासारखं ऐकायला आवडतं. त्याचं खापर यंत्रावर फोडू नये.

सावानाची_सभासद

@जुना_वाचक, काका, तुमचा मुद्दा अर्धा पटला. फरक सांगते.

आगरकर आणि टिळक एकमेकांना उत्तरं देत होते. सुधारक वाचणाऱ्याला केसरीने काय म्हटलं ते कळत होतं, कारण त्याचं खंडन करायचं तर आधी ते सांगावं लागे. आणि कोण बोलतंय ते पत्रावर छापलेलं असे. तुमच्या आजोबांच्या हातात कोणतं वर्तमानपत्र आहे, ते शेजाऱ्याला दिसत होतं. आपल्या सार्वजनिक वाचनालयाचंच घ्या, १८४० पासूनची संस्था. मी कॉलेजात असताना मुक्तद्वार विभागात एकाच लांब टेबलावर सगळी वर्तमानपत्रं पसरलेली असायची. आपल्याला नको असलेल्या पत्राचाही मथळा हवं ते पत्र ओढून घेताना डोळ्यांखालून जायचा.

आता बाबांच्या फोनवर काय येतं, ते मुलाला दिसत नाही. मुलाच्या फोनवर काय येतं, ते बाबांना दिसत नाही. दोघांनाही वाटतं समोरचा तेच बघून मुद्दाम उलटं बोलतोय. मला भीती या न दिसण्याची वाटते. मतभेद मला चालतात. समोरच्याने काय पाहिलंय हेच माहीत नसेल तर भांडायचं कशावर?

वसंत व्याख्यानमालेला गोदाघाटावर मी वडिलांबरोबर जायची. वक्ता आवडला नाही तरी वडील उठायचे नाहीत. शेजारी बसलेले लोक टाळ्या वाजवत असतील तर का वाजवतायत ते ऐकायचे.

जुना_वाचक

@सावानाची_सभासद, टेबलाचा मुद्दा मान्य. तो मी विचारात घेतला नव्हता.

कांदा_रांगडा

मी निफाड तालुक्यातला. तुम्ही लोक मतांबद्दल बोलताय, मी पैशाचं सांगतो.

८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी झाली. त्याआधी ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलं होतं आणि आपल्या जिल्ह्यातले लिलाव बंद पडले होते, ते आठवत असेल. बंदीनंतर मी रोज रात्री कांद्याचेच व्हिडिओ बघायचो. शेतकऱ्याच्या बाजूने बोलणारे सगळे. ऐकून बरं वाटायचं, कुणीतरी आपलं बोलतंय म्हणून. हळूहळू माझ्या फोनवर दुसरं काही येईनाच. प्रत्येक व्हिडिओत एकच: सरकार घाबरलं, बंदी उठणार, आज उठणार, उद्या उठणार.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बंदी उठल्याच्या बातम्या आल्या आणि लासलगावला भाव एकदम वर गेले. माझी एक ट्रॉली भरून तयार होती. मी ती थांबवली. का, तर माझ्या फोनवरचा प्रत्येक माणूस सांगत होता की अजून वर जाणार, घाई करू नका. दोन दिवसांत केंद्राचा खुलासा आला, बंदी ३१ मार्चपर्यंत कायम. भाव खाली. माझा रांगडा माल, तो काही उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत टिकत नाही. मिळेल त्या भावात द्यावा लागला. आणि मार्चमध्ये बंदी पुढे वाढवली ती वाढवलीच. उठली ती ४ मे ला, तीही ४० टक्के शुल्क ठेवून.

गावात एक जण आहे, त्याचं माझं राजकारण अजिबात जमत नाही. त्याच्या फोनवर उलटं येत होतं, की ग्राहकाला महाग पडतं, निवडणूक तोंडावर आहे, बंदी एवढ्यात उठत नाही. त्याने माल लगेच विकला. मला त्याचं म्हणणं त्या वेळी कळलं असतं तर मी निदान अर्धी ट्रॉली तरी विकली असती. पण आम्ही बोलत नव्हतो. याच व्हिडिओंवरून.

आता मी बाजार समितीचे रोजचे भाव आणि आवक बघतो, आणि त्याला फोन करतो.

अंबड_तिसरी_पाळी

@कांदा_रांगडा, दादा, हा प्रतिसाद मी आमच्या कँटीनच्या ग्रुपवर टाकला. चालेल ना?

कांदा_रांगडा

टाका की.

लेन्समागचा

दुसऱ्या बाजूने लिहितो. मी छोटं चॅनल चालवतो, नाशिकचे प्रश्न, थोडी शेती, थोडं राजकारण. जाहिरातींचे पैसे मिळायला सुरुवात व्हावी म्हणून १,००० सदस्य आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिले जावेत ही अट असते. ते ४,००० तास जमवताना माणूस कसा बदलतो, ते मी स्वतःवर पाहिलंय.

प्रत्येक व्हिडिओखाली आम्हाला एक आलेख दिसतो. कोणत्या सेकंदाला किती लोक टिकले आणि किती निघून गेले, सगळं. गेल्या वर्षी मी एका स्थानिक वादावर बारा मिनिटांचा व्हिडिओ केला. पहिली सहा मिनिटं एका बाजूचं म्हणणं, पुढची सहा दुसऱ्या बाजूचं. दोन्हीकडच्या माणसांना भेटून, चार दिवस फिरून केला होता. सहाव्या मिनिटापर्यंत आलेख सरळ होता. जिथे मी म्हणालो, "आता दुसरी बाजू ऐकू या," तिथे तो कड्यावरून पडल्यासारखा खाली आला. शिव्या दोन्हीकडून आल्या. पुढच्या महिन्यात मी एकाच बाजूचा, चढ्या आवाजातला व्हिडिओ केला, अर्ध्या दिवसात. तो आधीच्यापेक्षा कितीतरी पट चालला.

मला कुणीही फोन करून "एकाच बाजूचं बोल" असं सांगितलं नाही. कुणी पैसे दिले नाहीत. तो आलेखच सांगतो, आणि रोज सांगतो. आज्ञावली ताईंनी चाळण्या सांगितल्या. त्या चाळणीत टिकायचं म्हणून आम्ही स्वतःलाच आधी चाळून घेतो. तो चढ्या आवाजाचा व्हिडिओ मी नंतर काढून टाकला. चॅनल अजून छोटंच आहे.

मधली_सुट्टी

मी सिडकोतल्या एका शाळेत नववीला इतिहास शिकवते. मोठ्यांच्या फोनवर निदान मथळा वाचून बोट ठेवायचं असतं. मुलांकडे तेही नाही. २९ जून २०२० ला टिकटॉक बंद झालं, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी सुरू केली ती भारतातच. तेव्हा ही मुलं तिसरी-चौथीत असतील. खालून वर सरकवलं की पुढचा चालू. निवड करायचा क्षणच येत नाही. कोण बोलतंय, कुठलं आहे, कधीचं आहे, काही न कळता चाळीस सेकंदांत एक वाक्य कानात पडतं आणि पक्कं बसतं.

वर्गात मुलं मला इतिहासातल्या घटना सांगतात, ठामपणे. विचारलं, "कुठे वाचलंस?" तर उत्तर, "सगळ्यांनाच माहितीये मॅडम." हे "सगळे" कोण, असं मी फळ्यावर लिहिलं आणि पूर्ण तास त्यावर घालवला. ज्याने ज्याने ते वाक्य ऐकलं होतं त्याला आठवून सांगायला लावलं. बारा जणांनी ऐकलं होतं आणि बाराही जणांना तो व्हिडिओ कुणाचा ते सांगता आलं नाही. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आम्हाला तो दिसला, आम्ही बघितला नाही." तिचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आज्ञावली

आता थोडं यंत्राच्या बाजूनेही लिहायला हवं, नाहीतर हा धागाच लेणं होईल.

शिफारशी माणसाला ढकलत ढकलत टोकाला नेतात, असं २०१८ च्या सुमारास खूप बोललं गेलं. नंतर संशोधकांनी मोजून पाहिलं. २०२० मध्ये अमेरिकेत हजाराहून जास्त लोकांच्या परवानगीने त्यांचं ब्राउझरमधलं पाहणं नोंदवलं गेलं, आणि २०२३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. टोकाच्या चॅनलांचे प्रेक्षक मुख्यतः असे निघाले की ज्यांच्या मनात वंशावरून किंवा स्त्री-पुरुष भेदावरून चीड आधीपासून होती. ते तिथे पोचले ते चॅनलचे सदस्य होऊन किंवा बाहेरून आलेल्या दुव्यांवरून. सदस्य नसलेल्यांना यंत्राने स्वतःहून तिथे नेणं क्वचितच आढळलं. २०१९ मध्ये यूट्यूबने नियम अगदी न मोडता काठावर राहणाऱ्या अशा व्हिडिओंच्या शिफारशी कमी केल्या होत्या, त्याचाही हा परिणाम असू शकतो. २०२५ मध्ये आणखी एक अभ्यास आला. सुमारे ९,००० लोकांना यूट्यूबसारख्याच एका पानावर एकतर्फी किंवा समतोल शिफारशी दाखवल्या. बंदुकांवरचं नियंत्रण आणि किमान वेतन हे विषय. एका बैठकीत मतं फारशी हलली नाहीत.

म्हणजे जुना_वाचक काकांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण हे अभ्यास अमेरिकेचे, इंग्रजी व्हिडिओंचे. आणि तो प्रयोग थोड्या वेळाचा. बाबा तीन-चार वर्षं रोज दोन तास बघत असतील तर काय होतं, याचं उत्तर त्यात नाही. आपल्याकडे दुवे येतात ते बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमधून, नात्यातल्या माणसाकडून. मावसभावाने पाठवलेला व्हिडिओ यंत्राने दिलेल्या व्हिडिओपेक्षा जास्त खरा वाटतो.

धागाकर्त्याने उपाय विचारलाय. "आवड नाही" या बटणावर विसंबू नका. २०२२ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २२ हजारांहून जास्त लोकांच्या मदतीने तपासलं. त्या बटणाने नको असलेल्या शिफारशी जेमतेम ११ टक्के घटल्या, नापसंतीच्या अंगठ्याने १२ टक्के. पाहण्याच्या इतिहासातून व्हिडिओ काढला तर २९, आणि "या चॅनलची शिफारस करू नका" यावर बोट ठेवलं तर ४३ टक्के. पाहण्याचा इतिहास पूर्ण बंद करून जुना पुसला तर पहिलं पान जवळपास रिकामं होतं, २०२३ च्या ऑगस्टपासून तसं केलंय. युरोपात तर कायद्यानेच मोठ्या कंपन्यांना वैयक्तिक माहितीवर न चालणाऱ्या शिफारशींचा पर्याय द्यावा लागतो. आपल्याकडेही तो मागायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

गोदाकाठचा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. दहा दिवसांनी लिहितोय, कारण काही करून पाहायचं होतं.

आधी इतिहास बंद करून पाहिला, दोघांच्याही फोनवर. राजकारण गेलं, पण बाबांचं कीर्तनही गेलं. शोधून लिहायला त्यांना चष्मा लागतो, कंटाळले. चौथ्या दिवशी परत चालू केला. मग लेन्समागचा यांच्या प्रतिसादावरून वेगळं ठरवलं. तुकडा बघून भांडण निघालं की तो तुकडा ज्या भाषणातला आहे ते पूर्ण भाषण हॉलमधल्या टीव्हीवर लावायचं. संसदेतली भाषणं संसद टीव्हीवर पूर्ण मिळतात. पहिलंच कांद्याचं लावलं. पस्तीस मिनिटांतली तेहेतीस मिनिटं आमच्या दोघांच्याही तुकड्यांत नव्हती. बाबा मध्ये एकदा म्हणाले, "अरे, हा बरोबर बोलतोय की." मीही एकदा म्हणालो, दुसऱ्या वक्त्याबद्दल.

आणि रविवारी सकाळी तपोवनात गेलो. बाबा पुढे, मी मागे. झुडपं होती. मोठी झाडंही होती, भरपूर. बाबांना झाडं कळतात हे मला माहीतच नव्हतं. चिंच, कडुलिंब, उंबर, करंज करत नऊ जाती त्यांनी बोटांवर मोजल्या. एका जुन्या चिंचेखाली थांबून म्हणाले, "ही नको तोडायला. पण साधूंना जागा लागणारच ना रे?" मी म्हणालो, "लागणार." मग कपिला संगमावर बसून कुठली जागा मोकळी आहे, तंबू कुठे बसतील, यावर तासभर बोललो. शेवटी आवाज थोडे चढले. मला मोकळी वाटलेली जागा बाबांच्या मते पुरात जाते.

कुणाला त्या बाजूचा पुराचा अनुभव असेल तर सांगा. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पाणी तिथे कुठपर्यंत आलं होतं?

अंबड_तिसरी_पाळी

माझे सासरे तिकडचेच. आज रात्री विचारून लिहितो.